तरुण वजनदार ताऱ्यांचे क्ष-किरण: आधी उगम ठरवा, मग वर्णपट काढा

चंद्रा या नासाच्या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीची फाइल उतरवून घ्यायची, तेजस्वी ताऱ्याभोवती वर्तुळ काढायचं, वर्णपट काढायचा आणि एक्सस्पेक या संगणक-प्रणालीत मॉडेल बसवायचं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टपासून पीएच.डी.च्या पहिल्या वर्षापर्यंत बहुतेक जण याच क्रमाने जातात. मॉडेल नीट बसलं की निकालही खरा वाटू लागतो. पण मॉडेल नीट बसलं म्हणजे ते क्ष-किरण त्या वजनदार ताऱ्याचेच आहेत असं ठरत नाही. वजनदार तारे गर्दीत जन्मतात. त्यांच्या शेजारी आणि त्यांच्या कक्षेत कमी वजनाचे तरुण तारे असतात, आणि हे छोटे तारे क्ष-किरणांत फार तापट असतात. त्यामुळे इथे वर्णपट हे जवळजवळ शेवटचं काम आहे.

खाली क्रमवार पद्धत देतो. सगळीकडे उदाहरण एकच ठेवलं आहे: मृग नक्षत्रातला ओरायन तेजोमेघ. तो सुमारे ४०० पारसेकवर आहे (एक पारसेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). जानेवारी २००३ मध्ये चंद्राने १३.२ दिवसांच्या अवधीत त्याचं ८३८ किलोसेकंदांचं निरीक्षण केलं. ते ‘कूप’ नावाने ओळखलं जातं आणि त्यात १,६१६ क्ष-किरण स्रोत सापडले. ही फाइल कोणालाही मोफत मिळते, त्यामुळे सरावासाठी याहून चांगलं ठिकाण नाही.

## टप्पा १: फाइल उघडण्याआधीचा तक्ता

ज्या ताऱ्यांचा अभ्यास करायचा आहे त्यांचा तक्ता आधी करा. प्रत्येक ताऱ्यापुढे अचूक स्थान, वर्णपटीय प्रकार (ओ, बी वगैरे; ओ सर्वांत तप्त, बी त्याखालोखाल), एकूण तेजस्विता, दृश्य प्रकाशातलं शोषण, माहीत असलेले जोडीदार, मोजलेलं चुंबकीय क्षेत्र आणि माहीत असलेला कोणताही आवर्तकाल लिहा. थीटा-१ ओरायनिस सी या ताऱ्यापुढे लिहिण्यासारखं बरंच आहे: ओ वर्गाचा तारा, सुमारे १ किलोगॉसचं द्विध्रुवी चुंबकीय क्षेत्र, १५.४ दिवसांचा परिवलनकाल आणि अगदी जवळचा जोडीदार.

आता प्रत्येकाकडून किती क्ष-किरण अपेक्षित आहेत ते हाताने काढा. ओ वर्गाच्या ताऱ्यांची क्ष-किरण तेजस्विता त्यांच्या एकूण तेजस्वितेच्या साधारण एक कोटीवा भाग असते. कमी वजनाच्या तरुण ताऱ्यांत हेच प्रमाण एक हजाराव्या भागापर्यंत चढतं.

दोन उदाहरणं सोडवून पाहू. सूर्याची तेजस्विता सेकंदाला ३.८ गुणिले १०चा ३३वा घात इतके अर्ग (अर्ग हे ऊर्जेचं एकक). सूर्याच्या दोन लाखपट तेजस्वी ओ ताऱ्याचा कोटीवा भाग येतो सुमारे ७.६ गुणिले १०चा ३१वा घात. शेजारच्या टी टॉरी प्रकारच्या, म्हणजे अजून घडत असलेल्या छोट्या ताऱ्याचे क्ष-किरण १०च्या ३०व्या घाताच्या आसपास धरले, तर ते ओ ताऱ्याच्या दीड टक्काही भरत नाहीत. आता सूर्याच्या हजारपट तेजस्वी बी३ तारा घ्या. त्याचा कोटीवा भाग फक्त ३.८ गुणिले १०चा २९वा घात. म्हणजे त्याच छोट्या ताऱ्याचे क्ष-किरण बी ताऱ्याच्या अडीचपट भरतात. बी ताऱ्याच्या जागेवर क्ष-किरण दिसले, तर पहिला संशय जोडीदारावर का घ्यायचा ते या आकड्यांतून कळतं.

ताळा: तक्त्यात ‘अपेक्षित तेजस्विता’ आणि ‘छोटा जोडीदार असल्यास’ असे दोन वेगळे रकाने हवेत. हे आकडे निरीक्षण पाहण्याआधी लिहा. नंतर लिहिले तर ते नकळत निकालाकडे झुकतात.

## टप्पा २: कोणती दुर्बीण, कोणतं निरीक्षण

इथे निर्णय कोनीय स्पष्टतेवर करायचा. ओरायनच्या मधोमध असलेल्या ट्रॅपेझियममधले मुख्य तारे एकमेकांपासून जेमतेम दहा-वीस विकलांवर आहेत (३,६०० विकला म्हणजे एक अंश). दुर्बिणीच्या अक्षाजवळ, म्हणजे चित्राच्या मधोमध, चंद्राची स्पष्टता अर्ध्या विकलेची आहे. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीची सुमारे ६ विकला, आणि तिथे निम्मा प्रकाश १५ विकलांच्या वर्तुळात पसरतो. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची एसएक्सटी ही क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडली. तिची स्पष्टता सुमारे २ कला, म्हणजे १२० विकला. एकाकी, तेजस्वी ताऱ्याच्या बदलांचा मागोवा घ्यायला ती उपयोगी आहे, पण तरुण तारकागुच्छाच्या गाभ्यात तिला सगळे तारे एकच ठिपका म्हणून दिसतात. उपकरण घरचं आहे म्हणून त्याच्या कुवतीबाहेरचं काम त्याच्याकडून करून घेऊ नका.

चंद्राची निरीक्षणं निवडताना दोन गोष्टी पाहा. तारा अक्षापासून किती दूर आहे? १० कला दूर गेल्यावर अर्ध्या विकलेचा ठिपका कित्येक विकलांचा डाग होतो. आणि निरीक्षण कोणत्या वर्षीचं आहे? चंद्राच्या एसीस कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं साका साचत गेला आहे, आणि तो १ केईव्हीखालचे (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे क्ष-किरण गिळतो. तारकीय वाऱ्यातल्या (ताऱ्यातून सुटणाऱ्या वायूच्या झोतातल्या) धक्क्यांचे क्ष-किरण नेमके याच पट्ट्यात असतात. म्हणून मृदू घटकासाठी पहिल्या काही वर्षांतली निरीक्षणं मोलाची आहेत.

खबरदारी: एक्सएमएम वापरणार असाल तर कोणता फिल्टर लावला होता ते बघा. वजनदार तारे दृश्य प्रकाशातही झगझगीत असतात. पातळ फिल्टरमधून तो प्रकाश कॅमेऱ्यात शिरला तर खोटे मृदू क्ष-किरण नोंदले जातात.

## टप्पा ३: फाइल नव्याने तयार करणं आणि जागा जुळवणं

अर्काइव्हमधली प्रक्रिया केलेली फाइल तशीच वापरू नका. सीआयएओ या चंद्राच्या विश्लेषण-प्रणालीतली ‘चंद्रा रिप्रो’ ही आज्ञा चालवून ताज्या कॅलिब्रेशनने इव्हेंट फाइल (टिपलेल्या प्रत्येक फोटॉनची नोंद) नव्याने बनवा. पिक्सेलच्या आतलं स्थान काढणारी सुधारणा यात आपोआप लागते. ती बंद करू नका, पाचव्या टप्प्यात तिची गरज पडेल. मग पार्श्वभूमीचा प्रकाशवक्र पाहून उसळीचे काळ कापा.

कूप सहा तुकड्यांत आहे: ऑब्झआयडी (निरीक्षण क्रमांक) ३७४४, ४३७३, ४३७४, ४३९५, ४३९६ आणि ३४९८. पुढचा क्रम असा ठेवा.

१. प्रत्येक तुकड्यात वेगळा स्रोत-शोध घ्या. या पहिल्या फेरीत फक्त ठळक स्रोत पुरेत.
२. ते टूमास (अवरक्त) किंवा गाया (दृश्य प्रकाश) कॅटलॉगमधल्या ताऱ्यांशी जुळवून त्या तुकड्याची सरक काढा.
३. सरक दुरुस्त करा.
४. सगळे तुकडे एकत्र करून चित्र बनवा.

चौथी पायरी दुसरीच्या आधी केली की प्रत्येक स्रोत थोडा फासला जातो आणि तो फासलेपणा नंतर कशानेही निघत नाही. चंद्राचं मूळ स्थान अर्ध्या ते एका विकलेने सरकलेलं असू शकतं, आणि आपला सगळा वाद तेवढ्याच अंतराचा आहे.

ताळा: दुरुस्तीनंतर क्ष-किरण आणि अवरक्त स्थानांमधल्या फरकांचा आलेख काढा. ठिपके शून्याभोवती सारखे विखुरलेले हवेत. एका बाजूला कललेले दिसले तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: स्रोत शोधणं

स्रोत शोधणारी ‘वेव्हडिटेक्ट’ ही सीआयएओतली आज्ञा चालवताना लहानमोठी बरीच मापं द्या आणि तीन पट्टे वेगवेगळे तपासा: ०.५ ते २, २ ते ८ आणि संपूर्ण ०.५ ते ८ केईव्ही. धुळीत गाडलेले तारे फक्त कठीण (जास्त ऊर्जेच्या) पट्ट्यात दिसतात, संपूर्ण पट्ट्याच्या चित्रात ते पार्श्वभूमीत बुडतात. दर दहा लाख पिक्सेलमागे एक खोटा स्रोत हा नेहमीचा उंबरठा आहे. गर्दीच्या गाभ्यात तो थोडा सैल ठेवून नंतर प्रत्येक स्रोताची छाननी केलेली बरी.

तेजस्वी ताऱ्यातून निघालेली सरळ रेघ चित्रात दिसली तर ती कॅमेऱ्याच्या वाचनाची आहे. त्या रेघेवर सापडलेले ‘स्रोत’ एकेक करून डोळ्यांनी तपासा.

## टप्पा ५: ओळख पटवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कॅटलॉगशी जुळणी करून एका विकलेच्या आत तारा सापडला की त्याचं नाव टेबलात लिहून टाकायचं, ही सवय घातक आहे.

कशी, ते याच तेजोमेघातल्या एका प्रकरणातून पाहा. ओरायनच्या मागच्या रेणूमेघात बेकलिन–नॉयगेबाउअर, म्हणजे ‘बीएन’ हा प्रसिद्ध गाडलेला वजनदार तारा आहे. त्याच्या अगदी जवळ क्ष-किरणांचा एक चांगला तेजस्वी स्रोत आहे. अवरक्त चित्रात त्या जागी बीएन सोडून काही दिसत नाही, तेव्हा तो बीएनचाच असं म्हणायला कोणीही धजावेल. कूपच्या बारीक तपासणीत दिसलं की तिथे स्रोत दोन आहेत. तेजस्वी स्रोत, कूप ५९९ए, बीएनपासून ०.९ विकला बाजूला आहे. बीएनच्या नेमक्या जागेवर आहे तो मंद, कूप ५९९बी. तेजस्वी स्रोताला ८.३ दिवसांचं आवर्तन आहे आणि बीएनच्या अवरक्त प्रकाशात ते दिसत नाही. तो कमी वजनाचा तारा असावा. बीएनच्या अवरक्त झगमगाटात त्याचा स्वतःचा प्रकाश हरवून जातो. एका विकलेच्या जुळणीवर थांबणाऱ्याने या छोट्या ताऱ्याचे क्ष-किरण थेट वजनदार ताऱ्याच्या खात्यावर टाकले असते.

तेव्हा प्रत्येक वजनदार ताऱ्यासाठी या पायऱ्या करा.

५.१ स्थानातली अनिश्चितता मोजा. फोटॉन कमी आणि तारा अक्षापासून दूर असेल तर ती वाढते. सरसकट एक विकला धरू नका.

५.२ योगायोगाची शक्यता काढा. समजा त्या भागात दर चौरस कलेला १०० अवरक्त तारे आहेत. एक चौरस कला म्हणजे ३,६०० चौरस विकला. एका विकलेच्या त्रिज्येत योगायोगाने तारा सापडण्याची शक्यता सुमारे ९ टक्के येते, अर्ध्या विकलेत २ टक्के. घनता त्या भागाचीच घ्या. संपूर्ण चित्राची सरासरी घेतली तर गाभ्यातल्या जुळण्या खोट्या विश्वासाने भरतात.

५.३ जवळचा जोड तपासा. स्रोताचं चित्र पिक्सेलपेक्षा बारीक चौकटीत काढा आणि त्याच जागेसाठी बनवलेल्या कृत्रिम ठिपक्याशी ताडून बघा. लांबट दिसला तर शंका घ्या.

खबरदारी: चंद्राच्या आरशामुळे तेजस्वी स्रोतापासून ०.८ विकलांच्या आत एका ठराविक दिशेला खोटा फुगवटा येतो. ती दिशा दुर्बिणीच्या वळणाच्या कोनावर ठरते. सीआयएओमध्ये तो भाग आखून देणारं साधन आहे. ‘जोडीदार सापडला’ म्हणण्याआधी ते वापराच. वेगवेगळ्या कोनांतली निरीक्षणं असतील तर सोपं आहे: खरा जोडीदार आकाशात जागेवर राहतो आणि फुगवटा दुर्बिणीबरोबर फिरतो.

५.४ न दिसणारा जोडीदार गृहीत धरा. ४०० पारसेकवर एक विकला म्हणजे ४०० खगोलीय एकक. अर्ध्या विकलेच्या आतला जोडीदार कोणतंही क्ष-किरण चित्र वेगळा दाखवणार नाही. त्याची चाहूल फक्त बदल आणि तापमान यांतून लागते, म्हणून पुढचे टप्पे.

## टप्पा ६: पाइलअपची परीक्षा

कॅमेऱ्याच्या एका फ्रेमला नेहमी ३.२ सेकंद लागतात. तेवढ्यात एकाच जागी दोन फोटॉन पडले तर कॅमेरा एकच नोंदतो, दोघांची ऊर्जा मिळवून. याला पाइलअप म्हणतात. एका फ्रेममागे ०.१ फोटॉन, म्हणजे सेकंदाला ०.०३, एवढ्या दरालाच सुमारे ५ टक्के नोंदी बिघडतात. थीटा-१ ओरायनिस सी याच्या कितीतरी पुढे आहे.

आपल्या विषयात याचा परिणाम वाईट होतो. पाइलअपमुळे मृदू वर्णपट कठीण दिसतो. कठीण दिसला की तापमान जास्त निघतं, आणि तापमान जास्त निघालं की चुंबकीय क्षेत्राचा किंवा दोन जोडीदारांच्या वाऱ्यांच्या टकरीचा निष्कर्ष काढला जातो. साध्या वाऱ्याच्या ताऱ्याला उगाच चुंबकीय ठरवलं जातं.

दर जास्त निघाला तर मार्ग असे. ठिपक्याचा गाभा वगळून भोवतालच्या कड्यातून वर्णपट काढा, मात्र त्या कड्याच्या परिणामकारक क्षेत्रफळाचा हिशेब वेगळा करावा लागेल. नाहीतर वाचनाच्या रेघेतले फोटॉन वापरा, त्यांत पाइलअप नसतो. जाळीचा (ग्रेटिंगने रंग पसरवून घेतलेला) वर्णपट अर्काइव्हमध्ये असेल तर तो सर्वांत चांगला, आणि थीटा-१ ओरायनिस सीचा तो आहे. पाइलअपचं मॉडेल बसवणं मी शेवटी ठेवेन, कारण त्याची एकाहून अधिक उत्तरं निघतात.

ताळा: संपूर्ण ठिपका आणि गाभा वगळलेलं कडं, दोन्हींच्या फोटॉनची मध्यक ऊर्जा काढा. फरक मोठा असेल तर गाभ्यावर विसंबू नका.

## टप्पा ७: प्रकाशवक्र, वर्णपटाच्या आधी

ग्रेगरी–लोरेडो कसोटी देणारी ‘जीएलव्हॅरी’ आज्ञा वापरा. ती तुमच्यावर आधीच काळाचे तुकडे पाडण्याची सक्ती करत नाही. मग वक्र डोळ्यांनी पाहा.

झपकन चढून सावकाश उतरणारी उसळी हे कमी वजनाच्या ताऱ्याच्या चुंबकीय ज्वाळेचं लक्षण. वाऱ्यातले असंख्य छोटे धक्के मिळून असं वागत नाहीत, त्यांची बेरीज जवळजवळ स्थिर राहते. परिवलनाच्या किंवा कक्षेच्या आवर्तनाशी जुळणारा सौम्य चढउतार असेल तर चुंबकीय वारा किंवा टकरीचे वारे यांचा विचार करा. कूपमध्ये ओ७ ते बी३ या प्रकारांतले जोरदार वाऱ्याचे नऊ तारे होते. त्यांतले फक्त दोन, थीटा-१ ओरायनिस डी आणि एनयू ओरायनिस, निव्वळ वाऱ्याच्या धक्क्यांच्या अपेक्षेप्रमाणे मृदू आणि स्थिर निघाले. बाकीच्यांत काही ना काही अधिक होतं. थीटा-२ ओरायनिस ए मध्ये तर ज्वाळा दिसल्या.

आवर्तनाचा दावा करताना तीन कालावधी वहीत लिहून ठेवा: दुर्बिणीच्या मुद्दाम हलवण्याचे ७०७ आणि १,००० सेकंद, आणि तिच्या कक्षेचे सुमारे ६४ तास. पहिले दोन चिपच्या कडेला असलेल्या ताऱ्यांत खोटं आवर्तन पेरतात. तिसऱ्यामुळे लांब निरीक्षणात ठराविक अंतराने खंड पडतात. आणखी एक: कूपचे १३.२ दिवस थीटा-१ ओरायनिस सीच्या १५.४ दिवसांच्या एका फेरीलाही पुरत नाहीत. त्याचा चढउतार पाहायचा तर वेगवेगळ्या वर्षांची निरीक्षणं फेरीतल्या स्थानानुसार मांडावी लागतात.

खबरदारी: उसळी दिसली तर तो काळ वेगळा काढा. शांत काळ आणि उसळी एकत्र करून काढलेलं सरासरी तापमान कोणत्याच ताऱ्याचं नसतं.

## टप्पा ८: वर्णपट

वर्णपट प्रत्येक तुकड्यातून वेगळा काढा, प्रतिसाद-फाइली (उपकरण कोणत्या ऊर्जेचे फोटॉन कसे टिपतं ते सांगणाऱ्या) त्या-त्या तुकड्याच्याच वापरा, आणि सगळे मिळून एकदम बसवा. एकत्र केलेल्या इव्हेंट फाइलवर वर्णपट काढणारी ‘स्पेकएक्स्ट्रॅक्ट’ आज्ञा चालवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. साक्यामुळे आणि दिशेमुळे प्रत्येक तुकड्याचा प्रतिसाद वेगळा असतो.

शंभराच्या खाली फोटॉन असतील तर मॉडेल बसवू नका. मध्यक ऊर्जा आणि कठीण–मृदू प्रमाण द्या, तेवढं प्रामाणिक आहे. त्याहून जास्त असतील तर प्रत्येक गटात २० फोटॉन टाकून काय-वर्ग काढण्यापेक्षा थोड्या फोटॉनांनाही चालणारी कॅश सांख्यिकी वापरा.

मॉडेलची सुरुवात साधी ठेवा: शोषणासाठी ‘टीबॅब्स’ आणि तप्त वायूसाठी एक ‘एपेक’. दुसरा एपेक गरज पटली तरच. आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. हायड्रोजनचा स्तंभ (वाटेतल्या वायूचं प्रमाण, त्यावर शोषण ठरतं) सुरुवातीला मोकळा सोडू नका. पहिल्या टप्प्यातल्या तक्त्यातून दृश्य शोषण घ्या, त्याला २ गुणिले १०चा २१वा घात याने गुणा, आणि तिथे तो स्तंभ बांधून ठेवा. मोकळा सोडला की कमी तापमान आणि दाट शोषण अशी जोडी सापडते. ती आकड्यांवर सुरेख बसते, आणि शोषण काढून टाकल्यावर क्ष-किरण तेजस्विता शंभरपट, हजारपट फुगते. तेवढे मृदू क्ष-किरण तुम्ही पाहिलेलेच नसतात, मॉडेलने मागच्या दाराने आणलेले असतात.

जाळीचा वर्णपट मिळाला तर रेषांची रुंदी आणि हीलियमसदृश (दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या) आयनांची त्रिके, म्हणजे जवळजवळच्या तीन रेषांचे गट, पाहा. ताऱ्याच्या अतिनील प्रकाशात त्रिकातली निषिद्ध रेषा क्षीण होते आणि मधली बळावते. त्यावरून तप्त वायू ताऱ्याच्या पृष्ठभागापासून किती दूर आहे ते कळतं. तो अगदी ताऱ्यालगत असेल तर दूरच्या जोडीदाराचा प्रश्न बऱ्याच अंशी निकालात निघतो.

## टप्पा ९: तेजस्विता आणि निष्कर्ष

तेजस्विता कोणत्या पट्ट्यातली, शोषण काढून की न काढता, आणि अंतर किती धरलं, हे तिन्ही आकड्याशेजारीच लिहा. जुन्या निबंधांत ओरायनचं अंतर ४५० पारसेक धरलेलं आढळतं. ४०० धरलं तर त्याच मोजमापातून तेजस्विता सुमारे २१ टक्के कमी निघते. तुलना करण्याआधी एकच अंतर करून घ्या. दुरुस्ती फक्त ताऱ्यांदरम्यानच्या शोषणाची करा. वाऱ्याच्या स्वतःच्या शोषणाची दुरुस्तीही त्यात मिसळली की कोटीव्या भागाशी तुलना करता येत नाही.

मग सर्व पुरावे शेजारी ठेवून निर्णय करा.

- तापमान ०.७ केईव्हीपर्यंत, वक्र स्थिर, प्रमाण कोटीव्या भागाजवळ: वाऱ्यातले धक्के.
- तापमान २ ते ३ केईव्ही, रेषा अरुंद, चढउतार परिवलनाशी बांधलेला आणि चुंबकीय क्षेत्र स्वतंत्रपणे मोजलेलं: चुंबकाने अडवलेला वारा, थीटा-१ ओरायनिस सीसारखा. क्षेत्र मोजलेलं नसेल तर ‘शक्यता’ एवढंच लिहा.
- कठीण वर्णपट, चढउतार कक्षेशी बांधलेला, दोन्ही जोडीदार जोरदार वाऱ्याचे: वाऱ्यांची टक्कर.
- बी तारा, प्रमाण अपेक्षेहून बरंच जास्त, उसळ्या: कमी वजनाचा जोडीदार, उलट पुरावा येईपर्यंत.

धुळीत खोल गाडलेल्या ताऱ्यांत मृदू घटक आपल्यापर्यंत पोचतच नाही. तिथे फक्त कठीण घटक दिसला म्हणून मृदू घटक नाही असं लिहू नका. ज्या वजनदार ताऱ्यांच्या जागी काहीच सापडलं नाही तेही टेबलात ठेवा, वरच्या मर्यादेसह. ते गाळले तर तुमच्या नमुन्यातला प्रत्येक बी तारा क्ष-किरण देणारा दिसेल.

टेबलाचा शेवटचा रकाना ‘ओळख कशावरून’ असा ठेवा. त्यात स्थानातला फरक विकलांत, योगायोगाची टक्केवारी, पाइलअपची स्थिती आणि प्रकाशवक्राचा निकाल लिहा. ज्या ताऱ्यासमोर हा रकाना पुरा भरता आला नाही, त्याचा वर्णपट निबंधात द्यायला हरकत नाही, पण त्याचा आकडा सरासरीत धरू नका.